सापडलेल्या वस्तूंची वाद्ये: षड्ज आधी वस्तूकडून घ्यावा

बडोद्यात आपल्या सोसायटीतील मुलांसाठी आपण उन्हाळी सुटीत वाद्ये बनवण्याचा वर्ग घेत आहात आणि ती वाद्ये आसपास मिळणाऱ्या नैसर्गिक वस्तूंतूनच व्हावीत, असा आपला आग्रह आहे. बाजारातून आणलेला बांबू थोड्याच दिवसांत तडकला, त्याच्या नळ्या पेटीच्या काळी एकशी, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराशी, जुळल्या नाहीत, तुंब्यासाठी (तारवाद्याच्या पोकळ भोपळ्यासाठी) वाळत टाकलेला दुधी कुजला आणि शहरात नेमके काय गोळा करावे व काय टाळावे हे ठरवता येत नाही, अशा आपल्या चार अडचणी आहेत. या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे चारही गोष्टींवर सविस्तर लिहितो, कारण एखाद-दुसऱ्या युक्तीने हे प्रश्न सुटणारे नाहीत.

पहिल्या तीन अडचणींचे मूळ एकच आहे. आपण वाद्याचा आराखडा आधी ठरवला आणि मग त्यात बसेल अशी वस्तू शोधली. सापडलेल्या वस्तूंच्या कामात हा क्रम उलटा असावा लागतो. कांडे हातात घ्यावे, त्याची भिंत किती जाड आहे व पोकळी किती आहे हे पाहावे, त्यात फुंकून किंवा त्यावर टिचकी मारून त्याचा मूळ स्वर ऐकावा आणि तो स्वर षड्ज, म्हणजे सा, मानून बाकीचे स्वर त्याच्या नात्याने बसवावेत. आपल्या संगीतात षड्ज ठरावीक पट्टीला बांधलेला नाही. गायक आपल्या गळ्याप्रमाणे तो घेतो. हीच मुभा बांबूला, तुंब्याला आणि लाकडालाही द्यावी. काळी एक हा पेटीतल्या धातूच्या पात्यांचा सोयीचा स्वर आहे, आपल्या अंगणातल्या बांबूचा नव्हे.

पेटीशी जुळवण्याचा हट्ट बडोद्याच्या हवेत तर विशेष निरुपयोगी ठरतो. फुंकून वाजणाऱ्या नळीचा स्वर आतल्या हवेतील ध्वनीच्या वेगावर अवलंबून असतो आणि तो वेग तापमानाच्या दर अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. जानेवारीतल्या पहाटे १५ अंशांना तो सेकंदाला साधारण ३४० मीटर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांना ३५७ मीटरच्या घरात जातो. म्हणजे तीच नळी, काहीही न बदलता, जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. फुंकीच्या उबेमुळे प्रत्यक्षातला फरक थोडा कमी होतो, तरी तो कानाला स्पष्ट कळतो. पेटीची पाती मात्र जवळपास जागची हलत नाहीत. एकाच दुपारी, एकाच सावलीत बनवलेल्या सहा नळ्या एकमेकींशी जुळल्या की काम झाले. त्या चढतील-उतरतील तेव्हा सगळ्या मिळूनच चढतील-उतरतील.

आता बांबू. बाजारात मांडवासाठी आणि शिडीसाठी मिळणारा बांबू बहुधा मानवेल असतो. त्याची भिंत जाड, पोकळी अरुंद, काही वेळा खालच्या भागात जवळजवळ भरीव. टिपऱ्या, ठोकण्याच्या काठ्या, धनुकलीचा दांडा यांसाठी तो उत्तम, पण नळ्यांसाठी वाईट. काटेरी कळकाची पोकळी मोठी असते आणि त्याच्या वरच्या भागातली कांडी नळ्यांना चालतात. बासरीवाले तर आसामकडून येणारा पातळ भिंतीचा, लांब कांड्यांचा बांबू मुद्दाम मागवतात, कारण तसा बांबू आपल्याकडे सहसा मिळत नाही. सुपे व टोपल्या विणणाऱ्या कारागिरांकडे गेलात तर त्यांच्या कामातून उरलेली, शेंड्याकडची पातळ कांडी मिळतात आणि तीच आपल्या कामाची असतात. त्यांच्याकडून आणखी एक मोलाची गोष्ट कळते, ती म्हणजे बांबू कोणत्या महिन्यात तोडलेला आहे. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेल्या, तीन वर्षांहून जुन्या बांबूत पिष्ट कमी असते, म्हणून त्याला भुंगेरे कमी लागतात. उन्हाळ्यात किंवा कोवळा तोडलेला बांबू काही महिन्यांत आतून पोखरला जातो आणि बुडाशी बारीक पिवळी भुकटी पडू लागते. असा तुकडा हाती आला तर तो बाकीच्या सामानात मिसळू देऊ नये.

तडकण्याचे कारण वेगळे आहे. बांबू बाहेरून आत वाळतो. बाहेरचा थर आकसतो, आतला अजून ओला असतो आणि त्या ताणात उभी भेग पडते. मे महिन्यात, गरम कोरड्या वाऱ्यात, पत्र्याखाली किंवा गच्चीवर ठेवलेले कांडे टिकत नाही. ताजा बांबू सावलीत, हवा खेळेल अशा ठिकाणी उभा करून निदान दोन-तीन महिने वाळवावा. मगच तो कापावा. शक्य असेल तर त्याआधी आठवडा-दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे त्यातले पिष्ट व साखर निघून जाते; पाणी बदलत राहावे, नाहीतर दुर्गंधी येते. कापताना कापण्याच्या जागी कागदी चिकटपट्टी गुंडाळून बारीक दात्यांच्या हॅकसॉ ब्लेडने सावकाश फिरवत कापावे. कोयत्याने घाव घातला की कांडे उभे फुटलेच म्हणून समजा. कापल्यावर आतून-बाहेरून तिळाचे किंवा मोहरीचे तेल हलक्या हाताने लावावे आणि दोन्ही टोकांना साध्या सुती दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन त्यावर मेण चोळावे. उत्तरायणानंतर घराघरांत उरलेला मांजा यासाठी कोणी देऊ केला तर तो घेऊ नये, त्याच्यावरच्या काचेने मुलांची बोटे कापतात. तडकलेली कांडीही फेकून देऊ नयेत. केसाएवढी भेग मेण भरून व दोरा गुंडाळून बंद होते, आणि मोठी भेग असेल तर त्या कांड्याच्या पट्ट्या काढता येतात. फुंकण्याच्या वाद्यात मात्र अदृश्य भेगही हवा सोडते आणि स्वर उमटतच नाही. नळी वाजत नाही तेव्हा आपल्या फुंकीला दोष देण्याआधी ती पाण्यात बुडवून, एक टोक बंद करून, दुसऱ्या टोकातून फुंकून बुडबुडे येतात का ते पाहावे.

मुलांसाठी फुंकण्याचे पहिले वाद्य म्हणून बासरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. बासरीत भोकाची जागा, भोकाचा आकार, भिंतीची जाडी आणि फुंकण्याच्या भोकाची कड या चारही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. त्याऐवजी एका बाजूने गाठीने बंद असलेल्या नळ्यांची रांग करावी. प्रत्येक नळीचा एकच स्वर, आणि तो तिच्या लांबीवर ठरतो. बंद नळीच्या लांबीच्या चौपट लांबीची लहर तिच्यात उभी राहते, म्हणून १८ सेंटिमीटर परिणामी लांबीच्या नळीत सेकंदाला साधारण ४८० कंपने होतात. तिला षड्ज मानले तर भूप रागाचे स्वर (सा, रे, ग, प, ध) साध्या अपूर्णांकांत मिळतात: रिषभाला नऊपैकी आठ भाग म्हणजे १६ सेंटिमीटर, गंधाराला पाचपैकी चार भाग म्हणजे १४.४, पंचमाला तीनपैकी दोन भाग म्हणजे १२, धैवताला पाचपैकी तीन भाग म्हणजे १०.८ आणि वरच्या षड्जाला निम्मे म्हणजे ९ सेंटिमीटर. आपल्याकडचे सर्वांत लांब कांडे १५ सेंटिमीटरचे असेल तर १५ वरून हेच अपूर्णांक लावावेत. भूप मी मुद्दाम सुचवतो. त्यात मध्यम आणि निषाद नसल्यामुळे मुले कोणत्याही दोन नळ्या एकामागून एक वाजवोत, कानाला खटकत नाही आणि थोडी बेसूर नळीही खपून जाते.

परिणामी लांबी म्हणण्याचे कारण असे की उघड्या तोंडाच्या थोडा बाहेरचा हवेचा भागही कंप पावतो. ही वाढ नळीच्या आतल्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश असते आणि फुंकताना ओठांनी तोंड अर्धवट झाकले जाते म्हणून ती आणखी वाढते. त्यामुळे हिशोबाच्या लांबीला कापलेली नळी थोडी उतरलेली वाजते. आपल्या सोयीची गोष्ट ही की उतरलेला स्वर चढवणे सोपे असते. तोंडाची कड काचकागदावर घासत जावे आणि दर वेळी ऐकावे. किंवा, माझ्या आवडीची पद्धत, नळीत वितळलेल्या मेणाचे दोन-चार थेंब सोडावेत. तळ वर आला की स्वर चढतो आणि फार चढला तर मेण कोरून काढता येते. मेण ओतण्याआधी तांदळाचे दाणे टाकून जागा शोधता येते. मुलांना यात गंमतही वाटते आणि स्वर व लांबी यांचे नाते त्यांच्या हाताला कळते.

हेच अपूर्णांक तारेलाही लागतात. एकतारीच्या दांड्यावर, तार जिच्यावर टेकते त्या घोडीपासून खुंटीकडच्या टेकूपर्यंत ६० सेंटिमीटर मोकळी तार असेल तर घोडीपासून ४० सेंटिमीटरवर पंचम आणि ३० वर वरचा षड्ज मिळतो. पण लाकडाच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांचे काष्ठतरंगासारखे वाद्य करायचे असेल तर हा हिशोब लावू नये, आणि येथेच बहुतेकांचे सामान वाया जाते. पट्टीची कंपने लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतात, म्हणून सप्तक वर जायला पट्टी निम्मी करायची नसते, ती साधारण ०.७१ पट करायची असते. जाडी-रुंदी सारखी ठेवून ३० सेंटिमीटरच्या पट्टीला षड्ज मानले तर रिषभाला २८.३, गंधाराला २६.८, पंचमाला २४.५, धैवताला २३.२ आणि वरच्या षड्जाला २१.२ सेंटिमीटर लांबी येते. पट्टी टेकवायची जागाही ठरलेली असते: प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या पट्टीला दोन्हीकडून ६.७ सेंटिमीटरवर, ती जवळजवळ स्थिर असते. तेथेच दोरी किंवा गवताची जुडी ठेवावी. इतरत्र टेकवली तर आवाज बसतो. स्वर चढवायचा असेल तर टोक घासावे, उतरवायचा असेल तर पोटाखालून मध्यभागी थोडे तासावे.

पट्ट्यांच्या लाकडासाठी बडोदेकरांना एक चांगली सोय आहे. संखेडा जवळ आहे आणि तेथील खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागाच्या लाकडावर लाखेचे रंगकाम करून फर्निचर बनवतात. अशा कामातून उरलेले सागाचे तुकडे मिळाले तर ते वाळलेले, सरळ रेषांचे आणि चांगले गुंजणारे असतात. शिसम मिळाला तर आणखी उत्तम. कडुनिंब मध्यम. आंब्याचे लाकूड ढोल-डफाच्या कड्याला चालते, पण पट्टीला मंद पडते. पावसाळ्यात वादळाने पडलेल्या फांद्या उचलल्या तर त्यांच्या टोकांना लगेच मेण किंवा जाड रंग लावून सावलीत ठेवाव्यात. जाडीच्या दर इंचाला वर्षभर, असा जुना ठोकताळा आहे आणि तो पाळण्यासारखा आहे. कोणताही तुकडा निवडताना त्याला वर सांगितलेल्या जागी दोन बोटांत सैल धरावे आणि मधोमध पेराने टिचकी मारावी. आवाज थोडा लांबला तर तुकडा ठेवावा. ‘टप्’ असा आवाज येऊन तेथेच मेला तर आत गाठ, भेग किंवा कूज आहे. ही परीक्षा दगडालाही लागते. कर्नाटकात बळ्ळारीजवळच्या कुपगल टेकडीवर डोलेराइट या कठीण अग्निजन्य दगडाचे असे खडक आहेत की ठोकले असता घंटेसारखे वाजतात आणि त्यांवर प्राचीन काळापासून ठोकल्याच्या खुणा आहेत. आपल्याकडे नदीपात्रातल्या लांबट, पातळ, भेग नसलेल्या दगडांत क्वचित असा एखादा सापडतो. पावागडचे दगड ज्वालामुखीचे असले तरी चांपानेर-पावागड हे संरक्षित क्षेत्र आहे. तेथून काही उचलून आणू नये.

दुधी कुजला, कारण तो भाजीचा होता. बाजारातला दुधी कोवळा तोडतात. त्याची साल कधीच लाकडासारखी होणार नसते. तुंब्याला लागतो तो वेलावरच पूर्ण जून झालेला, देठ तपकिरी होऊन सुकलेला भोपळा, आणि त्यातही कडू जात उत्तम, कारण तिला किडीचा उपद्रव कमी होतो. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांसाठी पंढरपूर भागातले कडू भोपळे याच कारणाने नावाजलेले आहेत. वेलावरून उतरवल्यावर तो हवेशीर सावलीत, एकमेकांना न टेकवता, कित्येक महिने ठेवावा लागतो. या काळात सालीवर काळी-पांढरी बुरशी येते आणि तिला घाबरून लोक भोपळा फेकून देतात. साल दाबून पाहावी. कडक असेल तर बुरशी वरवरची आहे, ओल्या फडक्याने पुसली की जाते. बोट आत गेले तर मात्र तो गेला. हलवल्यावर आत बिया खुळखुळू लागल्या की तो तयार. कापताना व खरवडताना नाका-तोंडाला फडके बांधावे, ती धूळ घशाला फार लागते. आतला गर पाण्यात भिजवून पूर्ण काढावा. कडू भोपळ्याचा रस विषारी असतो, म्हणून ओठांना लागणारे वाद्य त्यापासून करायचे असेल तर आतून-बाहेरून नीट धुऊन, वाळवून, मेणाचा थर दिल्याशिवाय ते मुलांच्या तोंडी जाऊ देऊ नये. यंदाच्या सुटीत तुंबा होणार नाही, हे मान्य करावे. पावसाच्या सुरुवातीला कुंपणाशी कडू भोपळ्याचे बी लावावे आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी तुंबे धरावेत. तोवर नारळाची करवंटी आहे. ती वर्षभर मिळते, कुजत नाही, काचेच्या तुकड्याने खरवडली की गुळगुळीत होते आणि रावणहत्त्यात तिचाच उपयोग करतात.

आपल्या शहरात संगीताची रीतसर शाळा १८८६ सालापासून आहे. संगीतज्ञ मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ती उभी केली आणि आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा त्या परंपरेत आहे. त्यामुळे बडोद्यातल्या मराठी घरात वाद्य म्हटले की सतार, तंबोरा, तबला डोळ्यांसमोर येतात आणि हाताने केलेले वाद्य खेळण्यात जमा होते. हा समज दूर व्हावा यासाठी मुलांना छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या तेजगढला घेऊन जावे. तेथे आदिवासी अकादमीचे ‘वाचा’ हे संग्रहालय आहे आणि त्यात आदिवासी वाद्ये पाहायला मिळतात. वारल्यांचा तारपा नीट पाहिला तर त्याच्यात किती बारीक विचार आहे ते दिसते. वाळलेला भोपळा हवेची कोठी होतो, त्यात मेणाने बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्यांत जिभळ्या (फुंकीने थरथरणाऱ्या पातळ पात्या) असतात, आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आवाज पुढे फेकतो. वादक नाकाने श्वास घेत गालातली हवा दाबत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. डांग-पालघर पट्ट्यातली घांगळी हे तारवाद्य म्हणजे बांबूचा दांडा आणि दोन भोपळे. तिकडचीच थाळी तर मुलांना लगेच करता येईल: काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक वाळकी, सरळ काडी उभी चिकटवायची आणि राळ किंवा राख लावलेल्या बोटांनी ती वरून खाली हलके ओढत राहायचे. काडीची थरथर थाळीत उतरते आणि एक अखंड घुमणारा सूर तयार होतो. तो षड्ज धरून बाकीची वाद्ये त्याला जुळवता येतात.

जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ साली पाच भोकांची जी बासरी सापडली ती ३५ हजार वर्षांहून जुनी आहे आणि गिधाडाच्या पंखाच्या हाडाची आहे. पक्ष्याचे हाड मुळातच पोकळ, पातळ आणि सरळ असते. करणाऱ्याने नळी बनवली नाही, त्याला ती सापडली. त्याने फक्त भोके पाडली आणि फुंकायची कड घडवली. सापडलेल्या वस्तूवर कमीत कमी हत्यार चालवण्याची जी दृष्टी मी सांगतो आहे ती इतकी जुनी आहे.

तारवाद्यांत याच दृष्टीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे बांबूच्या स्वतःच्या सालीची तार. मादागास्करची वलिहा मुळात अशीच असे. अर्धवट वाळलेले, जून, दोन गाठींमधले मोठे कांडे घ्यावे. दोन्ही गाठींजवळ दोरीचे घट्ट वेढे द्यावेत, म्हणजे चीर पुढे जाणार नाही. मग धारदार सुरीने सालीत दोन-तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी दोन्ही बाजूंनी उभी चिरून, टोके न तोडता, अलगद उचलावी आणि तिच्याखाली दोन्हीकडे बांबूच्याच खुंट्यांच्या घोड्या सरकवाव्यात. तारेखाली कांड्याला एक लांबट भोक पाडले की पोकळी आवाज वाढवते. घोडी सरकवली की स्वर बदलतो. सुरीचे काम मोठ्यांनी करावे, घोड्या सरकवून सूर लावण्याचे काम मुलांना द्यावे.

चर्मवाद्यांबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दिमडी, खंजिरी आणि गोव्याचा घुमट यांना पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध आहे आणि जुन्या वाद्यावरचे असे कातडे कोणी विकायला आणले तरी ते घेऊ नये. शेळीचे कातडे मिळाले तर रात्रभर पाण्यात भिजवून, ताणून, सावलीत वाळवावे. मुलांच्या वर्गासाठी मात्र मी कागद सुचवीन. तपकिरी जाड कागदाचे चार-पाच थर गव्हाच्या खळीने, एकावर एक आडवे-उभे, फुटक्या कडेच्या मडक्यावर किंवा करवंटीवर ओलेच चिकटवावेत आणि तोंडाभोवती सुती दोऱ्याने आवळावेत. वाळताना कागद आकसतो आणि पुडी, म्हणजे वाद्याचे मढवलेले तोंड, आपोआप ताणली जाते. तिचा आवाज कातड्याइतका भरीव नसतो, पण बोटांनी वाजवायला पुरेसा असतो.

शहरात गोळा करण्यासारखे पुष्कळ आहे. शिरीषाच्या वाळक्या शेंगा फांदीवर असतानाच वाऱ्याने वाजतात. त्यांची जुडी बांधली की खुळखुळा तयार. बहाव्याची काळी लांब शेंग हलवली की आतल्या बिया कप्प्याकप्प्यांत वाजतात, फक्त तिचा गर रेचक असल्यामुळे लहान मुलांना ती चावू देऊ नये. गुलमोहराची शेंग उकलल्यावर आत आडव्या खाचा दिसतात. त्यांवरून काडी ओढली की खरखरता ठेका मिळतो. पपईच्या पानाचा पोकळ देठ, पिंपळाचे गुंडाळलेले पान आणि पावसाळ्यात रुजलेली आंब्याची कोय यांच्या पिपाण्या आपल्या पिढीने केल्या आहेत. कोयीचे कवच काढून आतल्या दळांचे टोक दगडावर तिरपे घासायचे. दोन दळांमधली फट उघडी पडली की फुंकल्यावर त्या दोन कडाच थरथरतात. सनई याच तत्त्वावर वाजते. कोय आधी नीट धुवावी, चिकाने ओठ उततात.

टाळण्याच्या वस्तूंकडे आपण जास्त लक्ष द्यावे. नाल्याच्या काठी वाढणाऱ्या बेशरमाच्या पोकळ दांड्या नळीसारख्या दिसतात आणि मुले त्या उचलतात. ती वनस्पती विषारी आहे. कण्हेरीचे लाकूड, रुईचा चीक, धोतऱ्याची बोंडे आणि एरंडाच्या बिया यांना हात लावू देऊ नये. लालचुटूक गुंजा खुळखुळ्यात घालण्याचा मोह होतो, पण भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज प्राणघातक ठरू शकते. त्याऐवजी चिंचोके घालावेत. शिट्ट्यांसाठी माती हवी असेल तर ती विश्वामित्रीच्या काठावरून मुलांना आणायला लावू नये, तेथे मगरी आहेत. कुंभाराकडून मळलेली माती घ्यावी आणि शिट्ट्या त्याच्याच भट्टीत भाजून घ्याव्यात. मातीच्या पोकळ शिट्टीचा स्वर पोकळीच्या आकारमानावर आणि उघड्या भोकांच्या एकूण क्षेत्रावर ठरतो; भोक कोठे आहे याला फारसे महत्त्व नसते. वाळताना व भाजताना माती दर मापात साधारण दहावा हिस्सा आकसते, त्यामुळे ओल्या शिट्टीचा स्वर भाजल्यावर जवळजवळ एका पूर्ण स्वराने चढतो. म्हणून ओली असताना ती खालच्या स्वरात लावावी.

भरतमुनींनी वाद्यांचे तत (तारांची), सुषिर (फुंकीची), अवनद्ध (तोंड मढवलेली) आणि घन (ठोकून-हलवून वाजणारी) असे चार वर्ग केले आहेत. आपल्या वर्गासाठी मी घन वाद्ये प्रथम घेईन, म्हणजे शेंगा, टिपऱ्या, थाळी आणि पट्ट्या. त्यानंतर कागदी पुडीची अवनद्ध वाद्ये. मग सालीची तार. आणि बंद नळ्यांची रांग शेवटी, कारण तोवर मुलांचा कान तयार झालेला असतो आणि आपला बांबूही वाळलेला असतो. बासरी पुढच्या वर्षावर ठेवावी. ती करताना भोके गिरमिटाने न पाडता तापवलेल्या लोखंडी सळईने जाळावीत, आधी सबंध नळीची लांबी कमी करत षड्ज लावून घ्यावा, आणि नंतर उघड्या टोकाकडचे भोक सर्वांत आधी, बारीक पाडून हळूहळू वाढवत न्यावे. भोक मोठे केले की स्वर चढतो, पण मोठे झालेले भोक पुन्हा लहान करायला मेणाशिवाय दुसरा उपाय नसतो.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागदाच्या आणि कातड्याच्या पुड्या सैल पडतात आणि बांबूवर बुरशी येते. पुड्या वाजवण्याआधी कोमट उन्हात किंवा दिव्याच्या उबेत ठेवाव्यात, चुलीवर धरू नयेत. फुंकण्याच्या नळ्या वाजवून झाल्या की उलट्या करून आतली लाळ झटकावी, कापूस बांधलेल्या काडीने आतून पुसाव्यात आणि सुती पिशवीत ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. प्रत्येक मुलाची नळ्यांची रांग त्याची स्वतःचीच असावी आणि दुसऱ्याने ती तोंडाला लावू नये, एवढा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा.